भुरीचा कोपरा

उत्तमरावांनी मांजरीला मानगुटीला धरून चौथ्यांदा त्या मशीनमध्ये बसवलं आणि बाहेरून हाताचा आडोसा धरला.

"बस वं माय," ते म्हणाले. "दोन मिनिटं बस."

भुरी कशाला बसते! मशीन जराशी गुरगुरली आणि ती त्यांच्या मनगटावर तीन ओरखडे काढून थेट दिवाणाखाली गेली.

मशीन चांगली गोल तोंडाची, आत पांढरी रेती. मांजरानं आत जाऊन उरकायचं, बाहेर यायचं. मग ती आपोआप फिरून घाण खालच्या खणात टाकणार आणि सुनेच्या मोबाईलवर तसा निरोप जाणार. जिथं माणसांना पाय पसरायला जागा नाही, त्या फ्लॅटमध्ये मांजरीला असला संडास! पहिल्या दिवशी उत्तमरावांना हसू आलं होतं. आता सहाव्या दिवशी रडू यायचं बाकी होतं.

कारण रविवारी फैसला होता. अकोल्यातल्या या तिसऱ्या मजल्यावर, आतल्या खोलीत, दाराआडच्या कोपऱ्यात रोज दुपारी ओलं सापडायचं. सून आकांक्षा बँकेतून दमून यायची आणि पर्स खाली ठेवून आधी फरशी पुसायची. कुरकुर न करता तिनंच ही मशीन आणली होती. पण मुलानं, रोहितनं, स्पष्ट सांगितलं.

"बाबा, रविवारपरेंत शिकली तं ठीक. नाई तं पातूरले आपल्या वावरात सोडून येतो."

"अन् तुह्या मायचं काय?"

रोहितच्या आईला, पार्बताबाईंना, वर्षभरापासून माणसं आठवेनाशी झाली होती. सुनेला त्या मास्तरीणबाई म्हणायच्या, पोटच्या पोराला पाव्हणे. उत्तमरावांना कधी ओळखायच्या, कधी नाही. भुरीला मात्र भुरीच म्हणायच्या. ती मांडीवर असली की पोटात दोन घास जास्त जायचे. अमरावतीला अशा माणसांना ठेवतात ती जागा रोहित मागेच पाहून आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लघवीचं भान आहे तोवर घरी ठेवा. ते गेलं की तुमच्यानं होणार नाही.

भुरी गेली तर बायकोचं जेवण सुटेल, म्हणून तर उत्तमराव मांजरीच्या हातापाया पडत होते. बटण बंद करून पाहिलं, आत भाकरीचा तुकडा ठेवून पाहिला. एकदा डोकं फिरलं तेव्हा त्या ओल्या कोपऱ्यात तिचं नाक घासून वर चपलेचा एक फटका दिला. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

बुधवारी त्यांच्या डोक्यात उजेड पडला. काळ्या रानात वाढलेलं जनावर. ही पांढरी रेती त्याला साखर वाटत असेल. ते एसटीनं पातूरला गेले, वावरातली पिशवीभर माती घेऊन आले आणि दोन मुठी त्या रेतीवर भुरभुरल्या. भुरीनं वास घेतला, आत गेली, उकरलं आणि बसली!

"जमलं वं पोरी, जमलं!" ते ओरडले. तिकडून आकांक्षा धावत आली. सासरा-सून दोघं त्या मशीनसमोर उकिडवे बसून लहान पोरांसारखे हसले.

गुरुवारी मोबाईलवर चार वेळा निरोप आला, शुक्रवारी तीन वेळा. फरशीभर काळ्या पंजांचे ठसे उमटले. आणि शुक्रवारी संध्याकाळी कोपरा पुन्हा ओला.

"बस झालं बाबा," रोहित म्हणाला.

शनिवारी जेवण झाल्यावर उत्तमराव आडवे झाले नाहीत. खुर्ची ओढून राखणीला बसले. आज हिला रंगेहाथ पकडायचीच. भुरी मात्र खिडकीतल्या उन्हात पोट वर करून झोपली होती.

दीडच्या सुमारास पार्बताबाई उठल्या. उशाशी ठेवलेला तांब्या घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला, दार अर्धं लोटलं आणि त्याच्या आड त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. उत्तमरावांनी झटकन मान फिरवली. पातूरच्या घरी याच अंगाला, अशीच दाराआड, न्हाणी होती. चाळीस वर्षं बाई तिथंच गेली होती. मागून तांब्यातलं पाणी ओतल्याचा आवाज आला.

"पाय जपून ठेवजा जी," दाराआडून बाहेर येत त्या म्हणाल्या. "न्हाणीत लय घसरून राहिलं."

त्या मुक्या जिवाला आपण चपलेनं मारलं, हे आठवून उत्तमरावांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग ते उठले आणि फडकं शोधू लागले.

त्या दिवशी आकांक्षा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली. सासरे गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. एवढ्या वर्षांत तिनं हे कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही कशाला?"

"भुरीनं केलं."

"पण आत्ताच तर मोबाईलवर मशीनचा निरोप..." तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग कोपऱ्यात राहिलेल्या तांब्याकडे. मोबाईल पर्समध्ये टाकून ती खाली बसली आणि त्यांच्या हातातलं फडकं घेतलं.

"मशीनच बिघडली असेल, बाबा," ती म्हणाली.

"हो. रोहितले तसंच सांगजो."

रविवारी सकाळी रोहित भुरीला पिशवीत घालून घेऊन गेला. ओरडून ओरडून तिनं जिना डोक्यावर घेतला. उत्तमराव दारात उभेसुद्धा राहिले नाहीत. आता दुपारची झोप बंद, दर दोन तासांनी बायकोला उठवायचं, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. किती दिवस निभेल, देव जाणे.

पार्बताबाई दिवाणाखाली वाकून वाकून पाहत होत्या. ताटातलं तसंच होतं.

"भुरी कुठं गेली?"

"पातूरले."

"कावून?"

"कुठंबी घाण करे. शिकवून शिकवून थकलो, शिकलीच नाई."

पार्बताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आज त्यांनी नवऱ्याला ओळखलं होतं.

"मुक्या जिवाले काय समजते जी?" त्या म्हणाल्या. "तिले जाग्यावर नेऊन बसवाचं होतं. असं घराबाहीर काढते का कोनी?"

उत्तमरावांनी ताट बाजूला सरकवलं, बायकोचा हात धरला आणि तिला हळूहळू बाथरूमकडे घेऊन निघाले.