तक्रार नाही

बाळंतपणानंतर सरकारी विमा साठच दिवस चालतो. तब्येतीची तक्रार नोंदवलेली असेल तर वर्षभर. मी चौसष्टाव्या दिवशी विमा कचेरीच्या खिडकीपाशी उभी होते.

सकाळी सासूबाई आणि मी बाळाला लस टोचून घ्यायला गेलो, तर नर्स बाळाला सोडून माझ्याकडेच बघत राहिली. "आधी स्वतःला दाखवा, आजच," म्हणाली. डॉक्टरांना दाखवायला गेले, तर तिथल्या माणसाने विमा संपलाय म्हणून इकडे पिटाळलं. घ्या!

खिडकीतल्या चष्मेवालीने स्क्रीन माझ्याकडे वळवला. "ताई, चाळिसाव्या दिवशी आमचा फोन गेला होता. हे बघा. प्रकृती उत्तम, तक्रार नाही."

"मला कुणाचाच फोन आला नाही."

मागच्या बाकावर सासूबाई बाळाला थोपटत होत्या. त्यांचा हात थांबला. "मी घेतला होता," त्या म्हणाल्या. "तू आडवी पडली होतीस. ती बाई विचारत होती, सूनबाई कशी आहे? म्हटलं, ठणठणीत! परक्या बाईला काय सांगत बसायचं?"

आमच्या घरात हे असंच. सासरे छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात होते, तेव्हा शेजाऱ्यांना सांगितलं, पाहुण्यांकडे गेलेत. नवराही त्यातलाच. वेल्डिंगच्या ठिणगीने डोळा सुजला तरी म्हणे, कचरा गेला. मला राग यायला हवा होता. शिलाईच्या कारखान्यात मी सुपरवायझरलाही सोडत नसे. आता नुसती उभी होते.

चष्मेवालीने एक फॉर्म पुढे सरकवला. "नोंद चुकीची असेल तर अपील करता येतं. काय होतंय ते तुम्ही सांगा, मी लिहिते."

"काही होत नाही," मी म्हणाले. "तेच होतंय. बाळ रडतं ते ऐकू येतं, पण उठावंसं वाटत नाही. शेजारचं कुणाचं तरी रडतंय असं वाटतं. परवा घरात कुणी नव्हतं. बाळाला आत ठेवून मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. किती वेळ, ते माहीत नाही."

चष्मेवालीचं पेन चालत राहिलं. सासूबाई उठून खिडकीपाशी आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला वाटायचं, अंग चोरते," त्या म्हणाल्या. मग चष्मेवालीला, मोठ्याने, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लिहा. फोनवर सासू खोटं बोलली. माझी सही घ्या."

एवढ्या माणसांत त्या असं बोलतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. त्यांची सही वाकडीतिकडी आली.

"निकालाला तीन आठवडे लागतील," चष्मेवाली म्हणाली.

"आणि तोवर?" सासूबाईंनी विचारलं.

"तोवर विमा बंदच, मावशी. मी वर 'तातडीचं' लिहिते. पण यांना एकटं ठेवू नका. बाळाजवळ तर नकोच."

आम्ही बाहेर आलो. फाटकापाशी सासूबाईंच्या चपलेचा अंगठा निघाला. तो घालायला त्या वाकल्या आणि सवयीने बाळ माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाळ परत छातीशी घेतलं, आणि तशाच, एक चप्पल हातात धरून चालायला लागल्या.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं.