आठवं फडकं

सत्तर वर्षांपूर्वीचं विलायती इंजिन उघडून पुन्हा जोडायला मेकॅनिकच लागतो, असं ज्याला वाटतं त्याने माझ्याकडे यावं. मी धंद्याने चष्मेवाला. केसाएवढे स्क्रू बसवण्यात माझी तीस वर्षं गेली, तिथे पाचशे सीसीच्या मोटरसायकलचं धूड म्हणजे काय मोठंसं? नट मात्र त्याचे अस्सल हट्टी. मिलिमीटरचा पाना बसत नाही, साधा इंचाचाही नाही. बरोबर मापाचे पाने शोधायला चार महिने गेले, पण शोधलेच. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला होता, "चष्मेवाले, हे तुमच्याच्याने व्हायचं नाही. भंगारात घाला, नाहीतर मला द्या." त्यालाच रविवारी दहा वाजता पहिली किक ऐकायला बोलावलं. मुद्दामच.

नऊ वाजता ताई चहा घेऊन मागच्या खोलीत आली. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, रिटायर्ड नर्स. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात झाली. माझ्या या कामासाठी तिने जुन्या चादरीची आठ फडकी कापून, कडा शिवून दिली होती. ती फडकी गोळा करून ताई सवयीने घड्या घालू लागली.

"सातच आहेत," ती म्हणाली.

"असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

पिस्टन बसवताना इंजिनच्या उघड्या तोंडात फडकं कोंबायचं असतं, म्हणजे बारीकसारीक काही आत पडत नाही. वरून सिलिंडर बसवण्याआधी ते काढायचं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी ते काढल्याचं मला लख्ख आठवत होतं.

"ताई, मी काढलंय. किक हाताने दाबून पाहिली, छान फिरतेय. आत काही असतं तर अडलं असतं."

"खोल."

"तासाभरात तो येतोय. सिलिंडरखालची गॅस्केट फाटेल, नवीन मिळेपर्यंत आठवडा जाईल. सगळीकडे माझं हसं करेल तो."

"करू दे."

"अगं, मला खात्री आहे."

ताईने कप खाली ठेवला. "एका ऑपरेशनात डॉक्टरांनाही होती. मी म्हटलं, सर, रक्त टिपायचा एक गॉज कमी आहे. ते म्हणाले, नीट मोजा. मी पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. त्यांनी टाके घातले. मी नवीन होते रे, गप्प बसले. दोन लेकरांची आई होती ती. अकराव्या दिवशी गेली."

एवढ्या वर्षांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. मला गलबलून आलं. इंजिनबद्दल मला अजूनही शंका नव्हती, हे कबूल करतो. पण तिच्यासमोर ते पुन्हा बोलायची लाज वाटली, म्हणून पाना उचलला.

मेकॅनिक दारात आला तेव्हा मी सिलिंडर वर उचलत होतो. गॅस्केट फाटलीच. ताईने टॉर्च धरला, आत दोन बोटं घातली आणि तेलाने काळंकुट्ट झालेलं फडकं ओढून काढलं.

"किक मारली असती तर गेलं होतं इंजिन," मेकॅनिक म्हणाला. मग हसला. "चष्मेवाले, आधी स्वतःचा नंबर तपासा."

ताईने ते फडकं बाकीच्यांवर ठेवलं आणि मोजलं. आठ. पुन्हा मोजलं. मग तिथेच स्टुलावर बसून ती हमसाहमशी रडू लागली. मेकॅनिक गांगरला. आपल्या थट्टेमुळे बाई दुखावल्या, असं त्याला वाटलं असावं.

"तुमचं काही चुकलं नाही," मी त्याला म्हणालो. "चूक माझी. ही अडून बसली म्हणून सापडली. पुढच्या रविवारी या."

तो गेल्यावर मी ताईजवळ खाली बसलो. तिने डोळे पुसले.

"मी त्यांना उघडा म्हणायला हवं होतं रे. तुला म्हटलं तसं. उघडलं असतं का त्यांनी?"

"नसतं," मी ताबडतोब म्हणालो, माझ्या नेहमीच्या ठाम आवाजात. मला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.