सहाशे तास कुणाच्या हाताखाली?

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात बारा वर्षं नर्स असलेल्या लुएलाला आता स्वतः पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स व्हायचं होतं. शिक्षण घरबसल्या ऑनलाइन, फक्त कॉलेज ठरायचं होतं. नवरा वेंडेल एका खासगी कॉलेजच्या चकचकीत माहितीपत्रकावर भाळला होता.

"हेच घे गं. इमारत बघ कसली आहे!"

"शिकणार मी या स्वयंपाकघरात. त्या इमारतीला काय चाटायचंय?" म्हणत तिनं तिथं फोन लावला. पलीकडची बाई मधाळ आवाजात कौतुक सांगत सुटली. लुएलानं तिला मध्येच तोडलं.

"सहाशे तास डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं असतं ना? तो डॉक्टर कोण शोधणार?"

"तुम्हीच, मॅडम. सोपं आहे. तुमच्या गावातल्या डॉक्टरला विचारायचं."

"अहो बाई, गावात डॉक्टर असता तर मी या वयात पुस्तकं कशाला उघडली असती?"

फोन ठेवून तिनं सरकारी कॉलेजचा अर्ज पुढ्यात ओढला. ते कॉलेज स्वतःच डॉक्टर शोधून देणार होतं.

वेंडेलनं माहितीपत्रक दुमडलं आणि डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

"लिही आता. टेबल हलायचं नाही."