पाण्याची जागा

सुचौच्या आमच्या घरात दोन खोल्यांची दारं चाळीस वर्षं बंदच असायची. एका दाराआड आई तिचं सात तारांचं छिन वाजवायची, दुसऱ्याआड बाबा चित्रं काढायचे. "हिच्या वाजवण्यानं माझा हात हलतो," असं बाबांचं म्हणणं. "यांच्या उसाशांनी माझा सूर बिघडतो," असं आईचं.

गेल्या शरदात आईच्या खोलीतली फरशी उखडली. गवंडी मियाओनं सांगितलं, दोन दिवस आत पाऊल टाकायचं नाही. आईनं वाद्य उचललं आणि थेट बाबांच्या खोलीत नेऊन मांडलं.

बाबा आधीच वैतागलेले. मावशीच्या चहाच्या दुकानासाठी नदीचं लांबलचक चित्र करायचं होतं. डोंगर झाले, झाडं झाली, पण पाणी काही केल्या वाहत नव्हतं. तीन आठवडे सरावाचे कागद फाडणं चाललं होतं.

"अहो, मी हळू वाजवीन. तुम्ही फक्त उसासे टाकू नका."

"तू मुळात वाजवूच नकोस ना."

आईनं वाजवायला घेतलं. मी दारात शेंगा सोलत बसले होते. तिनं एक तार छेडली आणि डाव्या हाताचं बोट तारेवरून लांबवर सरकवत नेलं. आवाज विरला तरी बोट सरकतच होतं. बाबांचा कुंचला कागदावर टेकला, तिच्या बोटाबरोबर काठाकाठानं गेला आणि ती थांबली तिथे वर उचलला गेला. पुढे नुसता कोरा कागद. त्यात पाणी दिसत होतं.

बाबा आईकडे वळले. "ते परत वाजव. ते थांबलीस ना, ते."

"थांबणं कसं वाजवू?"

"आत्ता वाजवलंस तसंच."

मग दोघं सुटलीच. ती थांबली की बाबा कागद कोरा सोडायचे. बाबांनी होडी काढली की ती मान वर करून बघायची आणि होडी वाजवायची. बाबांनी मुद्दाम होडी तिरकी केली. आईनं सूर असा डुलवला, की मला शेंगा ठेवून हसत पोट धरावं लागलं.

"नावाडी पडेल हो."

"पडू दे. पोहता येतं त्याला."

कागद संपला. बाबा थांबले नाहीत. खालच्या पांढऱ्या लोकरी कापडावर गेले, तिथून आईच्या बाहीवर. आईनं हात तसाच पुढे धरला आणि दुसऱ्या हातानं वाजवत राहिली. मियाओ थापी घेऊन दारात आला, म्हणाला, "फरशीचा रंग विचारायचा होता." बाबा बाहीवर आणखी एक होडी काढत राहिले. तोही माझ्याशेजारी बसून शेंगा खाऊ लागला.

तेवढ्यात जळका वास आला. चुलीवरचा रस्सा कोळसा झाला होता. आई हसत हसत म्हणाली, "चला, बाहेर जेवू."

कोपऱ्यावरच्या नूडल्सच्या दुकानात ती शाई लागलेल्या बाहीनिशीच बसली. बाबांनी नूडल्स खायची काडी काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून टेबलावर डोंगर काढायला सुरुवात केली. आई वाडग्याच्या कडेवर ताल धरून होती. दोघांचं वय मिळून एकशे एकोणचाळीस.

मालकीणबाई फडकं घेऊन आल्या. "काका, नूडल्स गार होतायत. हे पुसू का?"

"थोडं थांबा," आई म्हणाली, "अजून पाणी यायचंय."