जुना पॅटर्न

जांभळा शिक्का जरा तिरका बसलेला – ‘पन्नास टक्के परत’ यातला ‘परत’ तेवढा पुसट, जणू शिक्का मारणाऱ्याचा हात शेवटच्या क्षणी आखडला असावा… ललितानं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. बस कर्वे रोडवर खोळंबली होती. मांडीवरच्या पिशवीत अशीच आणखी चार पुस्तकं, सगळी धम्मदीपची, दुसऱ्या वर्षाची, सगळ्यांना खाकी कव्हर आणि कुठल्याही पानावर शाईचा ठिपका नाही. मुलगा इंजिनिअरिंगला गेल्यापासून घरात हा कायदाच होता – शाई लावायची नाही, पान दुमडायचं नाही, पुस्तकावर कप ठेवायचा नाही. सत्राच्या आधी जुनी पुस्तकं घ्यायची आणि परीक्षा संपली की इतरांची झुंबड उडायच्या आत विकून टाकायची. म्हणजे तोटा होतोच, पण चिमटीत मावेल एवढाच. वारज्याच्या फ्लॅटचा हप्ता गेल्यावर जे उरे, त्यात एवढीच चिमूट बसत होती. “यातून बंगला व्हायचाय का आपला?” रतन, तिचा नवरा, पेपरामागून विचारी. या वेळी टेलिफोन ऑफिसातून रजाच मिळाली नव्हती, म्हणून उशीर झाला. तरी शिक्का होता ना… शिक्का म्हणजे शब्दच की.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात मालक यज्ञेश्वररावांनी पुस्तकं उघडलीसुद्धा नाहीत. नुसती कव्हरं बघितली. 

“छान जपलीत. आता घरीच ठेवा.”

“म्हणजे?”

“पॅटर्न बदलला बाई. पुढच्या सत्रापासून सगळा अभ्यासक्रमच नवीन. ही आता रद्दी.”

“पण तुमचा शिक्का आहे यावर. निम्म्या किमतीत परत घेणार म्हणून.”

“शिक्का पुस्तकावर आहे, विद्यापीठावर नाही.” ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मग काय वाटलं कोण जाणे, मान न वळवताच म्हणाले, “किलोवर द्यायची असतील तर तिकडे टाका. रद्दीवाला येतोच आहे.”

तिकडे म्हणजे जिन्याखाली. तिथे हीच पुस्तकं होती – तेच हिरवं गणित, तेच निळं थर्मोडायनॅमिक्स – पाठीवर, पोटावर, कशीही पडलेली, काही तर अगदी कोरी. ललितानं पिशवी उचलली, त्या ढिगावर धरली… आणि हात तिथेच अडकला. ‘जुन्या कोर्सचं? गेलं गं पोरी ते रद्दीत.’ कुणाचा हा आवाज? याच चौकातला, पण यांचा नव्हे, फार पूर्वीचा, तपकीर ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याचा – आणि त्याच्यासमोर दोन वेण्या घातलेली ती, घामेजलेल्या मुठीत वडिलांनी, अण्णांनी दिलेली नोट.

त्यांच्या घरात शिक्षणाला देवाची जागा होती. दुसरे देव अण्णांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हाच विसर्जित केले होते. थोरला भाऊ अधिकारी झाला, धाकटाही झाला, आणि मधली ललिता बारावीला फिजिक्समध्ये नापास झाली. अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं… पुढच्या वर्षी कोर्स बदलला. जुन्या मुलांना जुन्याच कोर्सची परीक्षा द्यायची परवानगी होती, पण जुनं पुस्तक काही मिळेना. या दुकानातून त्या दुकानात, उन्हातान्हात, शेवटी उसन्या वह्यांवर ती परीक्षेला बसली आणि पुन्हा नापास झाली. मग मॅट्रिकच्या गुणांवर टेलिफोन खात्यातली नोकरी, मग लग्न. धम्मदीपला तिनं सांगितलं होतं – लग्न ठरलं, म्हणून शिक्षण राहिलं. रतनही तेच खरं मानत होता. इतकी वर्षं सांगून तिला स्वतःलाही ते जवळजवळ खरं वाटू लागलं होतं.

आणि आज सकाळी चहाच्या वेळी धम्मदीप, पास झालेल्याच्या मोकळ्या मनानं म्हणाला होता, “एम-थ्रीला, गणितात निम्मा वर्ग उडालाय, आई. आज सगळे बॅकलॉगचे फॉर्म भरायला रांगेत!”

निम्मा वर्ग. जुना पॅटर्न.

“अहो,” ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “जे नापास झालेत ते काय वाचणार?”

यज्ञेश्वररावांनी चष्म्यावरून पाहिलं. “नापास झालेले पुस्तकं वाचतात, असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

दुकानातलं कुणीतरी हसलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या – पण हा ताप शरमेचा नव्हता, हे तिला जरा उशिरानं कळलं.

“किलोचा भाव काय म्हणालात?”

“तुम्ही देणार ना?”

“घेणार.”

पर्समध्ये नव्या सत्राच्या पुस्तकांचे पैसे होते. त्यांना हात लावायचा नव्हता, पण लावला. जिन्याखाली उकिडवं बसून तिनं एकेक पुस्तक पारखून घेतलं, जशी मंडईत वांगी घेते – बांधणी ओढून, पानं झरझर उलटून, वाळवी लागलेलं बाजूला टाकून. एम-थ्री जितकी होती तितकी घेतली. यज्ञेश्वररावांनी वजनाचे पैसे मोजून घेतले; पोतं मात्र फुकट दिलं.

मनपाच्या थांब्यावरून वाघोलीची, धम्मदीपच्या कॉलेजकडची बस. लगेजचं तिकीट. पोतं पायात घेऊन बसल्यावर मात्र धीर सुटायला लागला… काय करतेय मी हे? सरकारी नोकरीतली बाई, उद्या ऑफिसात कळलं तर? आणि पुस्तकं खपलीच नाहीत तर? पुस्तकांचे पैसे कुठून आणू, रतनला काय सांगू – तुमच्या बंगल्याचा पाया खणला म्हणून? आणि धम्मदीप… पहिल्याच वर्षी त्यानं खाली बघत सांगितलं होतं, “आई, पुस्तकांचं तू काहीही कर, पण कॉलेजवर येऊ नकोस.” ती गेली नव्हती. गॅदरिंगलासुद्धा नाही. खिडकीबाहेर नगर रोडच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, बांबूंच्या परांच्या बांधलेल्या. त्यांत पुढे जी मुलं बसणार त्यांच्यात आपलाही बसावा, यासाठी तर सगळं… आणि जी नापास झाली ती?

कॉलेजच्या फाटकाबाहेर तिनं पोतं पसरलं, वर पुस्तकं मांडली, खाकी कव्हरातली आपली पाचही. मुलं येत होती, जात होती. कुणी वाकून बघेना. ती नुसती उभी. एक रिक्षा येऊन गेली, एक कुत्रं पुस्तकं हुंगून गेलं. तोंड उघडलं की रडूच येईल, असं वाटलं, आणि उघडलं तर निघाला तो तिचा ट्रंक कॉल जोडतानाचा जुना आवाज – खरखरत्या लाइनवरून शब्दन् शब्द पलीकडे पोचवणारा, डायल फिरवून थेट फोन लागायला लागल्यावर ज्याचं कुणाला काम उरलं नव्हतं तो.

“जुना पॅटर्न! एम-थ्री, थर्मो, स्ट्रेंथ! निम्म्या किमतीत!”

फाटकाआतल्या फॉर्मच्या रांगेतली डोकी वळली.

पहिला आला तो गॉगल डोक्यावर चढवलेला. “काकू, रद्दीतली बुक्स आहेत ही. टेन परसेंटला द्या ना.”

“हो, रद्दीतलीच आहेत. आणि तुला ती हवी आहेत.”

तो हसला, आणि दोन घेऊन गेला. त्याच्यामागून चौघं, मग गर्दीच. “काकू, फ्लुइड?” “एम-थ्री किती उरलीत?” “माझ्या रूम-पार्टनरसाठी पण ठेवा, प्लीज!” हात चालत होते, तोंड चालत होतं, सुटे पैसे पदरात खुळखुळत होते, आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला मजा येतेय… चांगली घसघशीत मजा. तोटा कमी करणं वेगळं, आणि हे वेगळं.

एक मुलगी मात्र गर्दीच्या कडेला केव्हाची उभी होती. ओढणी नीट पिनअप केलेली, हातात फॉर्म. पुढची मुलं पांगल्यावर जवळ आली, हळूच म्हणाली, “मावशी, एम-थ्री हाय का अजून?”

“आहे. नाव काय तुझं?”

“संस्कृती. इथलीच हाय मी, वाघोलीची. समदी दुकानं फिरले, कुठंच न्हाई.” मग आणखी हळू, “घरी सांगितलं नाय अजून. आमच्याकडं पहिलीच मी… कॉलेजात येणारी. आता कुणाला तोंड दाखवू, असं झालंय.”

गुळगुळीत काहीतरी सांगता आलं असतं. होईल गं सगळं नीट, वगैरे. पण समोर ती घामेजलेली मूठ होती, आणि गेल्या तासाभरात चढलेला आवाज खाली यायचं विसरला होता.

“मी दोनदा नापास झालेय,” ललिता म्हणाली. “बारावीला. फिजिक्समध्ये. दुसऱ्यांदा तर पुस्तकच मिळालं नव्हतं. तुझ्या हातात पुस्तक आहे. मग?”

संस्कृतीनं वर पाहिलं, आणि खुदकन हसली – हसणं शोभत नाही असं वाटून पुन्हा ओठ मिटले, पण डोळ्यांत ते राहिलंच. तिनं मोजून पैसे दिले. ललितानं मोजून घेतले. फुकट दिलं असतं, तर त्या पोरीचं काहीतरी कमी झालं असतं.

तेव्हाच तिला रस्त्यापलीकडच्या रसवंतीपाशी धम्मदीप दिसला. तीन मित्र, हातात ग्लास, आणि तो ग्लास तसाच धरून इकडे बघणारा. कधीपासून उभा होता? ऐकलं असेल का? एवढ्या आवाजात… ऐकलंच असेल. सवयीनं तिचा हात पदर पुढे ओढायला गेला, तेवढ्यात कुणीतरी विचारलं, “काकू, स्ट्रेंथचं हे शेवटचंच का?” आणि पदर राहिला तिथेच. “शेवटचंच,” ती म्हणाली, “आणि भाव तोच.”

पोतं रिकामं झालं. नव्या सत्राची पुस्तकं आता कोरी करकरीत घेता येतील, हे पर्स मिटवतानाच समजलं होतं. त्याचा हिशेब घरी जाऊन करायला ती मोकळी होती. पण मन तिथे थांबलंच नाही… धम्मदीपनं ग्लास ठेवला होता. मित्रांना काहीतरी सांगून तो रस्ता ओलांडायला निघाला, आणि नगरकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेनं त्याला मधल्या दुभाजकावर अडवलं. ट्रकांच्या फटीफटीतून तो दिसायचा, नाहीसा व्हायचा. रागावलाय का? लाजलाय? खाली बघत होता, की उन्हानं डोळे बारीक केले होते? लग्न ठरलं म्हणून, लग्न ठरलं म्हणून… ते घोटलेलं वाक्य एकदा मनात येऊन गेलं, आणि तिला ते कुणा दुसऱ्याच बाईचं वाटलं.

ललिता भीती शोधू लागली. ती असायलाच हवी होती, पोटात, नेहमीच्या जागी. तिथे नुसती कडकडून भूक होती. ट्रक संपत नव्हते. ललितानं टाचा उंचावल्या, पोरगं नीट दिसावं म्हणून – ये ना, ये लवकर…