आठ स्क्रू

"एक, दोन... उचला!"

नवरा आणि मेकॅनिक दोघांनी मिळून अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर चढवला, तेव्हा टेबलाचे पाय कुरकुरले आणि वरच्या डबीतले सुटे भाग खुळखुळले. नवरा कमरेवर हात ठेवून वाकला तो वाकलाच.

"मला वाटलं गिटारवालीशी लग्न करतोय," तो धापा टाकत म्हणाला. "गिटार काय, हलकी असते. या धोंड्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही हो."

मेकॅनिक हसला नाही. म्हातारा माणूस, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. त्याने अँप्लिफायरच्या लाकडी अंगावर तळहात टेकवला, थोपटल्यासारखा, आणि तसाच राहू दिला.

ती दाराजवळ उभी होती, नऊ महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन, या पायावरून त्या पायावर डुलत. मुलगी कडेवर नसली तरी हल्ली ती अशीच डुलत असे.

"बेस गिटारचा ना? काय होतंय?"

"काही होतच नाही, तेच तर," नवरा म्हणाला. "दिवा लागतो, आवाज नाही. पाच महिने झाले. मी म्हणतोय नवीन घेऊन टाकू. आता एवढासा येतो, एका हातात उचलता येतो." त्याने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. "पुढच्या महिन्यात हिचे बँडवाले बोलावताहेत. तोवर हा नाहीतर तो, काहीतरी ठरायला हवं. ही ठरवतच नाही. सांग ना गं."

"बघू दे की त्यांना," ती म्हणाली.

म्हणाली खरी, पण एकदा मागची फळी निघाली की सगळं उघड्यावर येणार होतं. अशा वेळी माणसाच्या घशाला कोरड पडते. तिच्या तीही पडली नाही.

पाच महिन्यांपूर्वी, एका दुपारी मुलगी झोपल्यावर तिने बाळंतपणानंतर पहिल्यांदा गिटार अँपला जोडली होती. बोटांवरचे घट्टे जाऊन कातडी बाळासारखी मऊ झाली होती, ते चालण्यासारखं होतं. तिने सगळ्यात जाड तार छेडली. तो सूर पूर्वी जमिनीतून चढायचा, गुडघ्यांतून वर यायचा आणि बरगड्यांखाली येऊन बसायचा. त्या दिवशी आवाज आला, पण तिच्यापर्यंत पोचला नाही. तिने पुन्हा छेडली. खिडकीची काच थरथरली. ती नाही. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा तिने गिटार पलंगावर ठेवली, स्क्रू ड्रायव्हर आणला, मागचे आठही स्क्रू काढले आणि स्पीकरच्या दोन्ही वायरी काढून टाकल्या. बाळंतपणातल्या टाक्यांच्या ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी घरात उरली होती, ती दोन्ही टोकांना गुंडाळली. मग फळी होती तशी बसवली.

संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "अँप बिघडलाय."

त्याच्या चेहऱ्यावर चक्क उजेड पडला. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदाच तिने असं काही सांगितलं होतं, ज्यावर काय करायचं ते त्याला कळत होतं. बिचारा त्या दिवसापासून नवे अँप शोधत होता.

आता दुरुस्त करायचा तर लबाडी उघडी पडणार. नवा आणायचा तर तो वाजणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. तिला मात्र दोन्हीकडे सपाट जमीनच दिसत होती.

"नवा घ्यायचा तर घ्या, माझी ना नाही," मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर शोधत म्हणाला. "पण आधी आत बघू. लोक काय करतात, वायर तुटलेली असते आणि स्पीकर बदलून मोकळे होतात. रोग म्हशीला, औषध पखालीला."

नवरा खळखळून हसला. पहिला स्क्रू वाटीत पडला. दुसरा. ती आठपर्यंत मोजत गेली. फळी निघाली. म्हाताऱ्याने टॉर्च लावला आणि मान आत घातली.

बराच वेळ त्याने मान बाहेर काढली नाही.

"साहेब," तो शेवटी नवऱ्याला म्हणाला, "बाळ कंटाळलं तुमचं. कोपऱ्यावरच्या दुकानात काचेच्या पेटीत मासे आहेत, दाखवून आणा जा. मला पंधरा मिनिटं लागतील."

बाळ मुळीच कंटाळलं नव्हतं. बाबाच्या गाडीची चावी हिसकावून मन लावून चोखत होतं. पण नवऱ्याला काम मिळालं. "चला, राणीसरकार," म्हणत त्याने तिला उचललं आणि तो पायऱ्या उतरून गेला. कडेवर कुणी नव्हतं तरी ती डुलत राहिली.

म्हाताऱ्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही.

"मीच," ती म्हणाली.

"हं. काम स्वच्छ आहे. वायर कुठे ताणलेली नाही." त्याने टॉर्च विझवला. "आवाज नको होता?"

"आवाज येत होता." तिचा हात बरगड्यांकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. "इथे लागायचा पूर्वी. आता काही लागतच नाही. हा आवाज नाही, गाणं नाही, काहीच नाही. मुलगी हसते, ते दिसतं मला. दिसतं फक्त."

"घरी सांगितलंत?"

"काय सांगू? अँप बिघडलाय म्हणून सांगितलं."

म्हाताऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तिला वाटलं, आता उपदेश येणार.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," तो म्हणाला. "उजव्यानं येतं तेही जेमतेम, देवाच्या कृपेनं. मी हातानं ऐकतो, असा लाकडावर ठेवून. थंडीत हात बधिर होतात, मग काही कळत नाही. चालू काय, बंद काय, सगळं सारखंच."

"मग काय करता?"

"झाडलोट करतो. वायरी गुंडाळतो. आलेलं सामान टाकून मात्र देत नाही." तो पुन्हा आत वाकला. "या पट्टीचं टोक दुमडून ठेवलंय तुम्ही."

"नर्स तशी दुमडायची," ती म्हणाली. "म्हणजे मग काढताना..."

तिने वाक्य सोडून दिलं. पुढे येऊन वाकून पाहिलं. दोन्ही पट्ट्यांची टोकं दुमडलेली होती, नीट, चिमटीत धरता येतील एवढी. जणू दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं ते.

म्हाताऱ्याने हात लावला नाही. फळी उचलून जागेवर बसवली, एक स्क्रू वर लावला, एक खाली. उरलेले सहा कागदाच्या पुडीत बांधून तिच्या हातात दिले.

पायऱ्यांवर पावलं वाजली. "पिवळा मासा पाहिला आम्ही! एक तर हिच्याएवढा गोलमटोल," नवरा आत येत म्हणाला. "काय मग? दुरुस्ती की नवा?"

"हाच ठेवा. आत सगळं चांगलं आहे," मेकॅनिक म्हणाला. "एक जोडणी राहिलीय. ती घरी होईल, यांच्या हातानं."

"हिच्या? कधी?"

"घाई करू नका."

नवरा तिच्याकडे बघत राहिला, मग फळीकडे. "अहो, दोनच स्क्रू? बाकीचे?"

"माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. आणि मग, त्याच्याकडे न बघता, "घरी गेल्यावर तुला एक सांगायचंय."

"आता सांग की."

"घरी."

त्याने मुलीला तिच्याकडे दिलं आणि अँपच्या एका बाजूला जाऊन उभा राहिला. "एक, दोन..." मेकॅनिक म्हणाला.

ती मुलीला घेऊन त्यांच्या मागून पायऱ्या उतरली. गाडीपाशी पोचेपर्यंत पुडीचा कागद घामाने फाटला होता आणि मुठीत स्क्रू टोचत होते. टोचताहेत, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.