अडथळामुक्त पंप

कळंबजवळच्या गूळ-पावडरीच्या कारखान्यात पाण्याचा मोठा पंप वैजनाथमामा सांभाळायचे. ऐन हंगामात एका सकाळी तो खडी दळल्यासारखा खडखडायला लागला आणि पाणी निम्म्यावर आलं. मामा थेट मॅनेजर रणधीर यांच्या केबिनमध्ये गेले.

"सायेब, सक्शनची, पाणी ओढायच्या पायपातली चाळणी तुंबलीय. अर्धा तास पंप बंद ठिवा, धुऊन बसवतो."

"अर्धा तास? परवा मालक येतायत! पंपाचं काय ते तज्ज्ञ बघतील."

तज्ज्ञ पुण्याहून आले. लॅपटॉपवर तीन रंगांत आलेख काढला, हुरडा खाल्ला आणि 'पंपाला पुरेसं पाणी मिळत नाही' असं सांगून गेले. मामा तेच सांगत होते, पण त्यांच्याकडं आलेख नव्हता.

मग रणधीर यांनी स्वतः डोकं चालवलं. "पाणी कशानं अडतंय?"

"चाळणीनं."

"मग चाळणीच काढून टाका!"

"सायेब, ती घाण अडवती. पाण्याशी तिचं काय वैर न्हाय."

"मामा, तुमचे विचार लई जुने."

मामांनी पंप थांबवून झाकण उघडलं. आत कडुलिंबाचा पाला, पोत्याच्या चिंध्या, वेल्डिंगच्या रॉडची थोटकं. सगळं पाटीत भरून त्यांनी साहेबांसमोर ठेवलं.

नाकाला रुमाल लावून रणधीर म्हणाले, "बघा! चाळणी असून एवढा कचरा!"

मामांनी पाना उचलला. चाळणी निघाली. पाणी धो धो आलं, खडखड थांबली. रणधीर यांनी या प्रयोगाला 'अडथळामुक्त पंप' असं नाव दिलं आणि फलकही रंगवून घेतला.

मालक सिद्धलिंगअप्पा आले. पंप ज्यातून पाणी ओढायचा त्या हौदाकाठी मांडव, झेंडूची तोरणं, रणधीर यांच्या खांद्यावर शाल. टाळ्या चालू असतानाच वाऱ्यानं एक तोरण तारेसकट हौदात पडलं. फोटोच्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही. पाच-दहा मिनिटांत पंपानं एक किंकाळी फोडली आणि तो बंद पडला. तार आतल्या पंख्यात गुंडाळली होती, दोन पाती मोडली होती.

अप्पांनी विचारलं, "चाळणी कुठंय?"

रणधीर मामांकडं वळले. "मामा, असलं काही करायच्या आधी मला सांगायचं की!"

"सांगितलं व्हतं सायेब," मामा म्हणाले. "पाटीबी दावली व्हती."

अप्पांनी शाल खाली ठेवायला सांगितली. "मॅनेजर, आजपासून दर आठवड्याला चाळणी तुम्ही धुवायची. मामा, तुम्ही उभं राहून बघा."

कारखाना चार दिवस बंद राहिला. पुढच्या आठवड्यात रणधीर हातमोजे घालून बसले.

"नुसतं पाणी मारू नका, ब्रशनं घासा," मामा सांगत होते. "जाळी फाटली का बघा. झाकणाचं रबर नीट बसवा, न्हायतर पंप हवा ओढतो."

"व्हय," साहेब पहिल्यांदाच म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांची कंबर धरली. मामांनी स्वतःच, मागितलेल्या अर्ध्या तासाच्याही आत, वीस मिनिटांत चाळणी धुतली, पंप चालू केला आणि डबा उघडून जेवायला बसले. भाकर आज जरा जास्तच गोड लागली.